पेट्यांतले सायडर

ज्या गृहस्थाने उभ्या आयुष्यात सायडरचा एक घोट घेतलेला नाही, त्याच्या मालकीची सायडरवरची तीनशेहून अधिक पुस्तके असावीत, ही गोष्ट ऐकणाऱ्याला मोठी गमतीची वाटते. लोक हसतात, मला पुन्हा सांगायला लावतात आणि पुन्हा हसतात. गंमत वाटण्यासाठी त्या पुस्तकांपासून थोडे दूर राहावे लागते. ते भाग्य मला लाभलेले नाही. म्हणून मी ही हकीकत जशी घडली तशी, तिखटमीठ न लावता सांगणार आहे.

हे गृहस्थ म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे भावोजी. व्यवसायाने लिफ्टचे मेकॅनिक. ताई आणि ते आमच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतात. मी पहिल्या मजल्यावर एकटा राहतो. इमारतीची लिफ्ट भावोजींच्याच देखरेखीखाली आहे. माणसे भरली की ती विनाकारण कुरकुरते, अशी तक्रार मी इमारतीच्या समितीकडे वर्षानुवर्षे करीत आलो आहे आणि तिच्यात कसलाही दोष नाही, असे उत्तर भावोजी तितकीच वर्षे देत आले आहेत. नात्यात तक्रार करू नये, असे ताईचे मत. लिफ्ट नात्यातल्या माणसाची आहे म्हणून ती कमी कुरकुरत नाही, असे माझे.

सफरचंदाचा रस पिंपात भरून आंबवत ठेवला की जे हलके, फसफसते मद्य तयार होते, ते सायडर. भावोजींना लहानपणापासून सफरचंद सोसत नाही. एक फोड तोंडात गेली की घसा खाजतो, ओठ सुजतात आणि कुणीतरी बुक्की मारल्यासारखा चेहरा होतो. असा माणूस सायडरच्या नादी लागला तो एका बंद पडणाऱ्या हॉटेलात. तिथली जुनी लिफ्ट उतरवायची होती आणि भावोजींची शिडी डगडगत होती. मॅनेजरने कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून दिले आणि म्हणाला, "हे लावा पायाखाली. नाहीतरी फेकायचंच आहे." दुपारी कसलासा सुटा भाग येईपर्यंत रिकामे बसावे लागले, तेव्हा भावोजींनी ते पुस्तक शिडीखालून ओढून उघडले. आत सफरचंदे दाबून रस काढण्याच्या जुन्या यंत्राची आकृती होती: आटे पाडलेला खांब, लांबलचक दांडा आणि दांड्याच्या टोकाला टांगलेला दगड.

"मेहुणे, मी बघतो तर काय," ते आजही सांगतात, "ही तर आपली लिफ्टच! फक्त माणसांच्या जागी सफरचंदं."

चव, वास, नशा यांच्याशी त्यांना कर्तव्य नाही. किती भाराने किती रस निघतो, हे मात्र ते झोपेतून उठवले तरी सांगतील. तुम्ही विचारले नसले, तरीही सांगतील.

तिथून पुढे रद्दीची दुकाने, लिलाव, लोकांचे माळे, काहीही सुटले नाही. जुनी पुस्तके ते कागदाच्या वासासाठी घेतात आणि नवी चुका काढण्यासाठी. नव्या पुस्तकांबद्दलचे त्यांचे म्हणणे मला, दुर्दैवाने, पटते. गुळगुळीत कागद, उन्हात धरलेला पेला, लेखकाचा कुत्रा आणि शेवटी सूची नाही ती नाहीच. एका लेखकाने पिंपाचे माप चुकवले की पुढचे सगळे लेखक त्याच पिंपात बुडतात. तरीही नवे पुस्तक निघाले की भावोजी ते घेतात. "चुका कुणीतरी जपून ठेवायला नकोत का?" असा त्यांचा युक्तिवाद. जुन्या पुस्तकाची परीक्षा तर पाहण्यासारखी असते. लिफ्टच्या तारेच्या दोरावरून ते कापसाचा बोळा फिरवतात. आतली एखादी तार तुटून वर आली असेल, तर कापूस तिथे अडकतो. पुस्तकाच्या शिवणीवरूनही ते तसाच बोळा फिरवतात. एक दुकानदार वैतागून म्हणाला होता, "साहेब, पुस्तक घेताय की जखम पुसताय?"

ताई शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत तिचे कापड बेतायचे टेबल आहे आणि त्या टेबलावर घर चालते, हे भावोजीही मान्य करतात. पुस्तकांचे ढीग टेबलाच्या पायांशी येऊन टेकले, तेव्हा ताईने नियम केला.

"एक पुस्तक आत आलं की एक बाहेर गेलं पाहिजे."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"कुठेही. माझ्या डोळ्यांआड झालं म्हणजे झालं."

हे शेवटचे वाक्य तिने उच्चारायला नको होते. नियमाचे शब्द सैल ठेवले की लोक त्यात बिऱ्हाड करतात, हे मी समितीला अनेकदा समजावून सांगितले आहे.

लिफ्टची दरवर्षी भार-चाचणी होते. ठरलेले वजन आत ठेवून ती वरखाली नेतात आणि ती मध्येच कुठे दम टाकत नाही ना, ते पाहतात. त्यासाठीची लोखंडी वजने वाहून नेणे म्हणजे कंबरेला आमंत्रण. भावोजींनी त्यावर तोड काढली. भक्कम लाकडी पेट्या केल्या, त्या काट्यावर तोलून स्क्रूने बंद केल्या आणि वर पांढऱ्या रंगात आकडा घातला. त्यांच्या साहेबांनी विचारले, "आत काय आहे?" भावोजी म्हणाले, "पन्नास किलो." साहेबांचे पूर्ण समाधान झाले.

या पेट्या निरनिराळ्या इमारतींच्या माथ्यावर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये बिनबोभाट राहू लागल्या. घरात पुस्तक येई, दुसरे बाहेर जाई, ताईला वाटे नवरा सुधारला. खरा प्रकार मला माहीत होता, कारण कुरकुरीचा उगम शोधायला मी एकदा आमच्या मशीनरूमपर्यंत चढलो होतो आणि भावोजी एका पेटीवर बसून दुसरीतले पुस्तक वाचताना सापडले होते. मी ताईला काही बोललो नाही. या घराण्यात माझ्या बोलण्याचा उपयोग झाल्याचे एकही उदाहरण नाही.

गोष्ट बिघडली ती एका खऱ्याखुऱ्या पुस्तकामुळे. 'खरेखुरे' हा शब्द मी सहसा वापरत नाही. चित्रकलेच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या आजोबांची सफरचंदांची बाग होती आणि सायडर बनवण्याचा कारखानाही. त्यांच्याकडे एक भलामोठा ग्रंथ होता: प्रत्येक पानावर हाताने रंगवलेले एक सफरचंद, शेजारी त्याचीच उभी चिरलेली फोड आणि खाली एका शब्दात चव. शेवटच्या पानांवर रस काढण्याची यंत्रे. बाई आता धाकट्या बहिणीकडे एका खोलीत राहायला निघाल्या होत्या आणि तिथे ग्रंथाला जागा नव्हती. त्यांच्या भाच्याने एका फ्रेमवाल्याशी बोलणे करून ठेवले होते. फ्रेमवाला पाने सुटी कापून, चौकटीत घालून, जेवणघरांच्या भिंतींसाठी विकणार होता.

भावोजी तो ग्रंथ पाहून आले आणि थेट माझ्याकडे येऊन बसले. "मेहुणे, माझ्या हातून कापसाचा बोळा पडला हो. दोर तुटायला आलेला असतो, तेव्हाही पडत नाही."

"मग आणला का नाहीत?"

"बाईंची अट आहे. पुस्तक कुठे राहणार, ते बघितल्याशिवाय देणार नाहीत. म्हणाल्या, कुत्र्याचं पिल्लू द्यायचं तरी लोक घर बघून देतात."

"मग बघू द्या घर."

"मी त्यांना सांगितलंय, माझ्या घरी तीनशे पुस्तकं आहेत म्हणून."

घरी त्यांची जेमतेम एक फळीभर पुस्तके होती.

मग बेत ठरला. सुट्टीच्या सकाळी मी ताईला चष्मा बदलायला घेऊन जायचे. तेवढ्यात कंपनीच्या गाडीतून सगळ्या पेट्या घरी आणायच्या, पुस्तके मांडायची, बाईंनी ती बघायची, ग्रंथ द्यायचा आणि ताई परतण्यापूर्वी पेट्या पुन्हा मार्गी लावायच्या. या बेतात माझे काम नेमताना मला कोणी विचारलेले नव्हते, हे इथे नमूद करतो.

चष्म्याचे दुकान बंद होते. दारावर पाटी होती: मालकांचे डोळे आल्यामुळे दुकान बंद राहील. मी ताईला चहासाठी, भाजीसाठी, शेवटी निव्वळ हवेसाठी थांबवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तुला कधीपासून हवा आवडायला लागली?" आणि घराच्या दिशेने चालू लागली.

तळमजल्यावर लिफ्टचे दार सताड उघडे होते, आत पेट्यांची चळत होती आणि शेवटची पेटी ढकलत भावोजी उभे होते. ताईला पाहताच त्यांनी पेटीवर हात ठेवला, जणू ती भुंकेल.

"हे काय चाललंय?" ताईने विचारले.

"टेस्टिंग. वार्षिक. ही वजनं."

"सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीच्या दिवशी वर्दळ नसते ना."

"बरं. सरका जरा. माझा गुडघा दुखतोय, मी तुमच्या वजनांबरोबरच जाते वर."

"अगं, टेस्टिंगच्या वेळी माणसं आत घेत नाहीत."

"का? लिफ्ट धड नाही का तुमची?"

"धड नाही? माझी लिफ्ट?" भावोजींचा आवाज चढला. "आठ माणसं डोळे झाकून नेईल!"

"मग सरका."

ते सरकले. इतक्यात मागून कुणीतरी घसा खाकरला. सडपातळ, पांढऱ्या केसांच्या एक बाई जुन्या चादरीत गुंडाळलेले मोठे गाठोडे छातीशी धरून उभ्या होत्या. शिक्षकांना वेळेआधी येण्याची खोड असते. ती निवृत्तीनंतरही जात नाही.

"लिफ्टवाले तुम्हीच ना? लवकर आले मी. पत्ता सापडतो की नाही, कुणी सांगावं."

"कोण या?" ताईने नवऱ्याला विचारले.

"या... बाई आहेत."

"ते दिसतंय मला."

"मी यांचं घर बघायला आले," बाई म्हणाल्या.

"आमचं घर? अहो, घर विकायला काढलंय की काय?"

"वर बोलू, वर बोलू," भावोजी म्हणाले आणि त्यांनी बाईंना आत घेतले. ताईची पिशवी माझ्या हातात असल्यामुळे मीही आत ओढला गेलो. भावोजींनी बटण दाबले. दार अर्धे आले, थबकले, मागे गेले आणि लिफ्टने तो आवाज काढला, ज्याबद्दल मी इतकी वर्षे लिहीत आलो आहे.

"ऐकलंत?" मी म्हणालो. मला आनंद झाला, हे नाकारत नाही. "आता तरी मान्य करा!"

"दोष नाही. भार जास्त झाला की ती ओरडते," म्हणत भावोजींनी ओठांतल्या ओठांत हिशेब केला. पेट्यांचे आकडे, आपण चौघे, अमुक, तमुक. "बसायला पाहिजे. अजून एक माणूस बसायला पाहिजे."

"मी तर चिमणीएवढी," बाई म्हणाल्या.

"माझ्याकडे कुणी बघू नका," ताईने बजावले.

लिफ्ट ओरडतच होती. भावोजींनी दार पुन्हा लावून पाहिले. पुन्हा तेच. वॉचमन येऊन उभा राहिला, दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर जिन्यात थबकले. मी संधी साधली. "म्हणजे हिचा वजनाचा काटा चुकतो. समितीला कळवू ना तसं?"

त्या क्षणी भावोजींनी नुसते 'हो' म्हटले असते, तर सगळे निभावले असते. लिफ्ट बिघडली म्हणून ताई जिन्याने गेली असती, पेट्या राहिल्या असत्या आणि लाजही. पण हा माणूस बायकोशी खोटे बोलू शकतो, साहेबाशी बोलू शकतो. लिफ्टविरुद्ध मात्र त्याच्या तोंडून खोटे निघत नाही.

"काटा मी स्वतःच्या हातानं लावलाय," ते म्हणाले. "तो चुकत नाही. पेट्याच जड झाल्यात."

ताईने मान वळवली. "लोखंड जड झालं?"

भावोजींनी पेटीवरचा पांढरा आकडा तळहाताने झाकला.

"अहो, मी विचारतेय. लोखंडाचं वजन कधीपासून वाढायला लागलं?"

कारण साधे होते. पेट्या तोलून आकडे घातले ते पहिल्या दिवशी. त्यानंतर जी जी नवी, पातळ पुस्तके आली, ती भावोजी फटींत सारत गेले. पातळ पुस्तकाला वजन ते काय, असे त्यांना प्रत्येक वेळी वाटले. दुसऱ्या कुणी असे केले असते, तर त्याच्या परवान्यावर त्यांनी शेरा मारला असता.

ताईने त्यांच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि वरच्या पेटीचे झाकण स्वतः उघडले. सगळ्यात वर जे पुस्तक होते, ते तिच्या ओळखीचे निघाले.

"हे तर तुम्ही रद्दीत दिलं होतं!"

"रद्दीत दिलं, असं मी कधी म्हणालो? बाहेर गेलं म्हणालो."

"आणि बाकीच्या पेट्या?"

"त्यापण... बाहेरच गेलेल्या."

मी या क्षणी वॉचमनकडे पाहिले, कारण ताईकडे पाहणे सुरक्षित नव्हते. बाईंनी मात्र पेटीतले एक पुस्तक उचलले, पाने चाळली, बोट नाकाशी नेले. "याला ग्रीसचा वास येतोय. ही पुस्तकं असतात कुठे?"

"मशीनरूममध्ये. गच्चीजवळ. कोरडी जागा असते बाई, उबदार. पुस्तकांना मानवते."

"मोटारीशेजारी?"

"शेजारी म्हणजे... थोडी पलीकडे."

बाईंनी गाठोडे पुन्हा छातीशी घट्ट धरले. "माफ करा. तुम्ही मला घरी म्हणाला होतात. मी माझं पुस्तक मोटारीशेजारी नाही ठेवायची." आणि त्या लिफ्टबाहेर पडल्या.

भावोजी त्यांच्या मागे गेले नाहीत. होते तिथेच पेट्यांना टेकून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, बाई. मला नका देऊ. पण त्या फ्रेमवाल्यालाही देऊ नका. शाळेला द्या, दवाखान्यात ठेवा, कुणालाही द्या. एकदा पानं कापली की परत कुणाला शिवता यायची नाहीत."

या माणसाची मला कधी दया येत नाही. त्या दिवशीही आली नाही. फक्त मी कुरकुरीचा विषय पुन्हा काढला नाही.

"कोण काय कापतंय?" ताईने विचारले. तिच्या क्षेत्रातला शब्द होता.

बाईंनी थोडक्यात सांगितले. भाचा, फ्रेमवाला, जेवणघरांच्या भिंती.

"धडधाकट पुस्तक?" ताई म्हणाली. "मी गिऱ्हाइकाचा जुना पडदासुद्धा दहादा विचारल्याशिवाय कापत नाही! दाखवा बघू."

वजन कमी झाले होते, म्हणून लिफ्ट आता गप्प होती. बाईंनी दारातूनच आत वाकून उघड्या पेटीच्या शेजारी चादर पसरली आणि तिच्यावर ग्रंथ उघडला. ताईने सफरचंद पाहिले नाही. तिने पुस्तक किंचित वाकवून मधली शिवण पाहिली.

"दुहेरी दोरा. मेण लावलेला. हाताची शिवण आहे ही."

"आजोबांनी मुद्दाम बांधून घेतलं होतं," बाई म्हणाल्या.

"बाई, वर चला. आमचे हे तुम्हाला कपाट दाखवणार होते ना? मी खण दाखवते. टेबलाखाली रेशमी कापडं ठेवायचा खण आहे माझा, पातळ मलमलचं अस्तर लावलेला. आडवं ठेवलं की शिवणीला ताण नाही."

"तुम्ही वाचता सायडरवरचं?"

"एक अक्षर नाही. म्हणून तर माझ्याकडे द्या. यांच्या हाती दिलंत, तर उद्या हेही शंभर किलो म्हणून कुठेतरी चढेल."

बाई हसल्या. मग त्यांनी पेट्यांकडे बोट केले. "आणि या?"

ताईने माझ्याकडे पाहिले. "त्या याच्याकडे. पहिल्याच मजल्यावर आहे, आणि याची पुढची खोली रिकामीच असते."

ती रिकामी नव्हती. तिच्यात मी राहत होतो.

आम्ही दोघांनी पेट्या उतरवल्या. दोघी ग्रंथ घेऊन वर गेल्या. लिफ्टने हूं की चूं केले नाही, आणि भावोजींनी, कंबर धरून उभे असतानाही, माझ्याकडे विजयी नजर टाकली.

त्यांनी साहेबांना खरे सांगितले. साहेब म्हणाले, पेट्या लिहिल्यापेक्षा जड होत्या, म्हणजे आपल्या लिफ्टा वाटतात त्यापेक्षा भक्कम आहेत. पण यापुढे लोखंड वापरा. त्यामुळे भावोजी आता लोखंड वाहतात, आणि माझ्या खुर्चीत बसून कंबर शेकत वाचतात. माझी खुर्ची ती एकच आहे.

ग्रंथ बाईंनी ताईच्या नावाने दिला. तो फक्त रविवारी दुपारी खणातून निघतो. बाई येतात, हात धुतले जातात, टेबलावर स्वच्छ पांढरे कापड अंथरले जाते आणि पाने ताई उलटते. परवा मला चहा करायला बोलावले होते, म्हणून मी होतो. भावोजींना शेवटची पाने हवी होती, यंत्रांची. ताईला सफरचंदांची गोडी लागलेली. एका लालसर, ठिपकेदार फळाखाली 'कडूगोड' असे लिहिले होते.

"कडूगोड म्हणजे कसं हो?" ताईने बाईंना विचारले.

"आजोबा म्हणायचे, चहा फार उकळला की जीभ कशी आखडते, तसं. पण मागून गोड."

भावोजींचा हात खिशाकडे गेला. "एवढ्या पुस्तकांत कुणी हे लिहिलं नाही! जरा बारीक अक्षरात, समासात..."

"पेन्सिल ठेवा खाली."

त्यांनी ठेवली.

"बरं, मग पुढचं पान तरी," ते म्हणाले. इतक्या नम्रपणे ते माझ्याशी आणि समितीशी मिळूनही कधी बोललेले नाहीत.

ताईने अंगठा रुमालाला पुसला, क्षणभर विचार केला आणि पान उलट दिशेने, आधीच्या सफरचंदाकडे परतवले.